टाकीतला श्वास

माझ्या व्याह्यांइतका सभ्य माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही, आणि इतक्या वेळा पेट्रोलने न्हालेलाही दुसरा पाहिला नाही. ते आता नाहीत. त्यांच्या सिंगापुरातल्या दिवसांबद्दल आमच्या नात्यागोत्यात एक गोष्ट सांगितली जाते. परदेशात राहून त्यांच्या डोक्यावर परिणाम झाला, ते एका बोटीच्या पेट्रोलच्या टाकीशी बोलत बसायचे, म्हणून मुलाला त्यांना पुण्याला परत पाठवावे लागले. ही गोष्ट अर्धी खरी आहे. टाकीशी ते बोलायचे. डोक्यावर परिणाम मात्र मुळीच झालेला नव्हता. उरलेली अर्धी गोष्ट मला एकट्याला ठाऊक होती आणि तीन वर्षे मी ती दाबून ठेवली. आता अठ्ठ्याहत्तरी उलटली आहे, तेव्हा लिहून टाकतो.

आम्ही दोघे व्याही एका खोलीत राहत होतो. ज्यांनी हा प्रकार अनुभवलेला नाही त्यांना त्यातली गंमत कळणार नाही. माझी मुलगी आणि त्यांचा मुलगा सिंगापूरच्या पुंगोल भागात राहतात. फ्लॅट तीन खोल्यांचा. एक त्या दोघांची, एक नातीची आणि एक आम्हा दोन विधुरांची. मुलीच्या लग्नात ज्या माणसाचे पाय धुतले, त्याच माणसाचा बनियन रोज सकाळी आपल्या बनियनशेजारी वाळत टाकायचा, हे सोपे नाही. आम्ही एकमेकांना ‘व्याहीबुवा’ म्हणायचो आणि बाथरूमच्या दाराशी “आधी आपण”, “छे छे, आधी आपण” करत इतका वेळ उभे राहायचो, की नात मधून आत घुसून आंघोळ करून बाहेरही यायची. माझी मुलगी म्हणायची, “बाबा, तुम्ही दोघं अजून कार्यालयातच उभे आहात. मांडवातून घरी या आता.”

व्याही पुण्याजवळच्या एका कारखान्यात देखभाल खात्यात होते. पंप, मोटारी, बॉयलर. चाळीस वर्षे यंत्रांबरोबर काढल्यामुळे यंत्रांना मन असते असे त्यांना वाटत असे, आणि ते मन कानाला ऐकू येते अशी त्यांची खात्री होती. खिशात कायम एक लांब स्क्रूड्रायव्हर. त्याचे टोक यंत्राला टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. घरातला फ्रिज, मिक्सर, वॉशिंग मशीन, सगळ्यांची अशी तपासणी झालेली. आमच्या इमारतीच्या लिफ्टला त्यांनी एकदा सहाव्या मजल्यापासून अकराव्या मजल्यापर्यंत कान लावला आणि उतरताना मला म्हणाले, “हिला दम लागतोय.” तीन आठवड्यांनी लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद झाली. एका दुपारी, मी आडवा पडलो असताना, गंमत म्हणून त्यांनी स्क्रूड्रायव्हरची मूठ माझ्या छातीला लावली आणि टोकाकडची बाजू आपल्या कानाला. बराच वेळ ऐकले. मग स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवला आणि मला पांघरूण घातले. मी खोदून विचारल्यावर म्हणाले, “डावीकडची झडप जरा सैल आहे. घाबरण्यासारखं नाही.” पुढे डॉक्टरांनी तेच सांगितले, फक्त इंग्रजीत आणि तपासण्यांचा गठ्ठा समोर ठेवून. त्या दिवसापासून मला त्यांची थोडी भीती वाटू लागली.

पुंगोलच्या इमारतींमधून जी छोटी रेल्वे फिरते तिला चालक नसतो. व्याही नेहमी पहिल्या डब्यात, अगदी पुढच्या काचेशी उभे राहत आणि उतरताना त्या रिकाम्या जागेकडे पाहून हात जोडत. लोक बघत. मी एकदा म्हणालो, “अहो, तिथे कोणी नाही.” ते म्हणाले, “दिसत नाही म्हणून आभार मानायचे नाहीत का?” त्या दिवशी संध्याकाळी गाडीत आम्ही दोघेच होतो. बाहेर धुरकट हवा पसरलेली, समोर रूळ आपोआप जवळ येत होते, आणि त्यांनी हात जोडले तेव्हा गाडी थांबण्यापूर्वी किंचित हळू झाली असे मला वाटले. गाडी थांबण्यापूर्वी हळू होतेच, हे मला कळते. तरीही.

तर बोट. आमच्या मजल्यावर एक चिनी अंकल राहत. त्यांच्याकडे एक बास बोट होती. म्हणजे मासे धरायची बुटकी, चपटी, सतरंजीसारखी पसरलेली बोट. अंकलचे गुडघे गेले होते, बोटीची निगा होत नव्हती, आणि व्याह्यांना कान लावायला नवे यंत्र हवे होते. असे जमले. बोट चालवायचे अंकल, कारण परवाना त्यांचा. पुसायचे, तपासायचे आणि पेट्रोल भरायचे व्याही. व्याही पक्के शाकाहारी. माशाच्या दुकानावरून जाताना ते रुमाल नाकाला लावत, आणि अंकलने गळाला लावलेला मासा वर ओढला, की दुसरीकडे तोंड करून “सॉरी हं” म्हणत. अंकलला की माशाला, ते विचारायचे माझे धाडस झाले नाही. अंकल हसून, तिथल्या सवयीप्रमाणे शेवटी ‘लाह’ लावून म्हणत, “युअर ब्रदर व्हेरी फनी, लाह. फिश ऑल्सो ही से सॉरी.” व्याही हा शब्द अंकलना समजावणे आम्ही दोघांनी केव्हाच सोडून दिले होते.

बोट पुंगोलच्या बाजूला एका खासगी यार्डात, छपराखाली, चाकांच्या गाड्यावर ठेवलेली असे. आम्ही रोज तिथे जायचो, कारण दोन म्हाताऱ्यांना दिवसभर करायला दुसरे काय होते? त्या छपराखाली शंभरेक बोटी निळ्या ताडपत्र्या ओढून ओळीने निजवलेल्या असत. दुपारी तिथे चिटपाखरू नसे. पाण्यापलीकडे मलेशियाचा किनारा, त्यावरची कारखान्यांची धुराडी, आणि अधूनमधून कुठली तरी ताडपत्री वारा नसताना फुगून पुन्हा बसे. मला ती जागा पहिल्या दिवसापासून आवडली नाही. त्या ओळी पाहून मला आमच्या कचेरीतली रेकॉर्ड रूम आठवायची.

इथे माझ्याबद्दल थोडे सांगायला हवे. मी पस्तीस वर्षे जिल्ह्याच्या सरकारी कचेरीत दप्तर सांभाळले. कागदांचे गठ्ठे लाल रुमालात बांधायचे, गाठ मारायची, फडताळात ठेवायचे. सैल, लोंबणारी वस्तू मला बघवत नाही. सिंगापुरात बाजारात पुडीला गुलाबी प्लास्टिकची सुतळी बांधून देतात. ती मी सोडवून, गुंडाळून ठेवायचो आणि घरातली मिळेल ती गोष्ट तिने बांधायचो. चार्जरच्या वायरी, छत्र्या, नातीच्या कंपासपेटीचे झाकणसुद्धा. ती वैतागून म्हणायची, “आबा, डोन्ट टाय एव्हरीथिंग, लाह!”

बोटीच्या मागच्या भागात एक झाकण होते. त्याखाली टाकी. व्याह्यांचे पोट त्या भोकात मावत नसे, मी काटकुळा, म्हणून आत डोकावायची, हात घालायची कामे माझ्याकडे. पहिल्याच आठवड्यात, ते आणि अंकल बाहेर बोलत असताना मी आत डोकावलो, तर टाकीवरून निघालेली एक काळी नळी वर कमान करून बोटीच्या कडेपर्यंत गेलेली आणि मध्येच सैल हलत असलेली दिसली. तिचा चाप तुटला होता. मी ती खाली ओढली, टाकीच्या बाजूने तळाशी नीट सरळ लावली, गुलाबी सुतळीने दोन ठिकाणी बांधली आणि तिचे टोक पूर्वीसारखेच कडेला राहू दिले. फार सुबक दिसू लागली. मी हात झटकले आणि कोणाला काही सांगितले नाही, कारण व्यवस्थितपणाची जाहिरात करायची आमच्याकडे पद्धत नाही.

त्यानंतर बोट पेट्रोल घेईनाशी झाली.

पाण्यावरच्या तरंगत्या फळ्यांवर यार्डाचा पंप होता. व्याही नोझल टाकीच्या तोंडात घालत, खटका दाबत, आणि दोन-चार लिटर गेले की ‘टक्’. नोझल आपोआप बंद. पुन्हा दाबले, पुन्हा टक्. हळूहळू सोडले तर थोडा वेळ जाई आणि मग टाकीच्या तोंडातून एक उसासा येऊन ओंजळभर पेट्रोल व्याह्यांच्या सदऱ्यावर. पंपावरचा तमिळ गृहस्थ ओरडे, “अंकल! स्लोली, स्लोली!” व्याही ओल्या सदऱ्याने बोटीची माफी मागत. घरी आल्यावर नात नाक धरून दारातच आम्हाला अडवायची, आणि माझी मुलगी खिडक्या उघडत म्हणायची, “दोघांनी गॅसपासून लांब उभं राहा.”

मग त्यांची शोधयात्रा सुरू झाली आणि तिच्याइतकी पद्धतशीर गोष्ट मी कचेरीतही पाहिली नाही. नोझल उजव्या हाताने, डाव्या हाताने, उलटे, तिरपे धरून पाहिले. सकाळी भरून पाहिले, उन्हात भरून पाहिले. बोटीचा तोल चुकत असेल म्हणून मला पुढच्या टोकावर बसवले, मग मागच्या, मग मधोमध, मी कंटाळून “मी घरीच बसलो तर?” असे विचारल्यावर ते गंभीरपणे म्हणाले, “तीही एक चाचणी करू.” झाकणाचे रबर बदलले. मग त्यांनी सांगितले, की टाकीत पेट्रोल शिरायला आतली हवा बाहेर जावी लागते, आणि ती ज्या नळीने जाते तिचे तोंड बोटीच्या कडेला आहे, तिथे कुंभारीण माशी घर करते. त्यांनी तोंडावरची जाळी जुन्या टूथब्रशने घासली. माशी नव्हती. शेवटी त्यांनी गुडघे टेकले, त्या तोंडाला ओठ लावले आणि फुंकर मारली.

आतून उत्तर आले. गुड... गुड गुड... गुड.

छपराखाली दुसरा कसलाही आवाज नव्हता. व्याही तसेच गुडघ्यांवर राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला. थोड्या वेळाने त्यांनी नेहमीच्या आवाजात मला विचारले, “व्याहीबुवा, जरा आत बघता? नळी कुठे खाली वाकली आहे का?”

मी आत डोकावलो. नळी सुतळीने बांधलेली, सरळ, सुबक. वाकलेली म्हणजे माझ्या मते दुमडलेली, पिचलेली. मी म्हणालो, “छे. अगदी व्यवस्थित आहे.”

“नक्की? सगळी वर चढत गेली आहे?”

“अहो, मी स्वतः बघतोय ना.”

“मग प्रश्नच नाही,” ते म्हणाले. “तुम्ही पाहिलंत म्हणजे सरकारी शिक्का.”

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्यांनी नातीच्या वहीच्या पाठकोऱ्या पानावर मला आकृती काढून दाखवली. टाकी, नळी, नळीची कमान वर. “ही वरच असावी लागते. समजा ही खाली आली, तर पेट्रोल या खोलगट भागात साचतं आणि बूच लागल्यासारखं होतं. हवा अडते. मग टाकी घेत नाही, ओकते. आणि ऊन लागलं की आतली हवा त्या साचलेल्या पेट्रोलमधून बुडबुडे काढत बाहेर येते. आवाज तसाच आहे. पण आपली नळी वर आहे. म्हणून मला काही कळत नाहीये.”

मला सगळे कळले. त्या क्षणी मी सांगायला हवे होते. पण मी मुलीचा बाप. व्याह्यांसमोर खाली मान घालायची ती लग्नाच्या दिवशी घातली, पुन्हा नको, असे काहीतरी मनात घट्ट बसले होते. शिवाय शिक्का मारून झाला होता. उद्या गुपचूप सोडून टाकू, असे मी ठरवले. त्यात काही अवघड नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा ऊन नुकतेच छपराच्या कडेवरून बोटीवर आले होते. व्याह्यांनी स्क्रूड्रायव्हर टाकीवरच्या फळीला टेकवला, कान लावला आणि बराच वेळ उठले नाहीत. मग मला खुणेने बोलावले. मी वाकलो. कान लावायचीही गरज नव्हती. गुड गुड गुड गुड, मग थांबणे, मग एक मोठा, मग पुन्हा लहान. कोणीतरी संथ, कष्टाने श्वास घेत असावे तसा.

“ऑक्सिजनची बाटली,” व्याही म्हणाले.

विहीणबाई शेवटची दोन वर्षे पुण्याला घरी ऑक्सिजनवर होत्या. नळकांड्याला पाण्याची एक छोटी बाटली लावलेली असते, त्या पाण्यातून बुडबुडे काढत हवा रोग्याच्या नाकाकडे जाते. दोन वर्षे व्याही त्या आवाजाशेजारी झोपले. आवाज बदलला की उठायचे. विमाने बंद होती त्या वर्षी त्या गेल्या. माझा जावई इथे अडकून पडला आणि आईला त्याने फोनवरच निरोप दिला. हे सगळे मला माहीत होते, पण व्याही त्याबद्दल कधी बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. पालथे पडून, टाकीवरच्या फळीला कान लावून, हळू आवाजात: “नळी वर चढत गेली असेल तर हा आवाज येऊ शकत नाही. चाळीस वर्षांत मी असा आवाज कारणाशिवाय ऐकला नाही. कारण नाही, म्हणजे ही तीच आहे.”

त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, म्हणून आपल्या विद्येवरचा सोडला. मी हे वाक्य तीन वर्षांत शंभरदा मनात लिहिले आहे.

आणि मग मला सुतळी सोडवेना. आता ते रोज सकाळी आंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून निघायचे. पादत्राणे बोटीखाली काढून वर चढायचे. ऊन आले की ‘ती’ श्वास सोडायची. संध्याकाळी टाकी गार झाली की नळीतून उलटी हवा ओढून श्वास घ्यायची. ते तिच्याशी बोलायचे. नातीचा अभ्यास, खाऊगल्लीसारख्या हॉकर सेंटरमधला पोळीसारखा पराठा, अंकलचे गुडघे. मी शेजारी बसलेला असे. कारण काय ते मला ठाऊक होते. सुतळी माझी, गाठ माझी. तरीही एकदा त्यांनी विचारले, “चिडली नाहीस ना माझ्यावर?” आणि आतले बुडबुडे थांबले. पूर्ण थांबले. छपरावर पाल सरकली तेवढा आवाज. मी श्वास रोखून बसलो होतो. मग एकच, हळूच: गुड. व्याही हसले. मी उठून बाहेर उन्हात जाऊन उभा राहिलो.

पेट्रोल भरणे मात्र आता भलतेच झाले होते. “ती दमते,” असे म्हणत व्याही थेंबाथेंबाने भरायचे. मागे बोटींची रांग लागायची. एकदा सांडले, यार्डाने समज दिली. दुसऱ्यांदा टाकीने एवढे ओकले की पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग पसरला. पंपावरच्या गृहस्थाने धावत जाऊन तो शोषून घ्यायच्या पांढऱ्या चादरी टाकल्या. यार्डाच्या मॅनेजरबाईंनी जावयाला ऑफिसातून बोलावून घेतले. आणि त्यांच्यासमोर व्याह्यांनी मुलाला, अगदी शांतपणे, स्पष्ट इंग्रजीत सांगितले, “युअर मदर इज इन द टँक. शी कॅनॉट टेक इट फास्ट.”

त्या संध्याकाळी मुलगी आणि जावई दार लावून बोलत होते. भिंती पातळ असतात. व्याह्यांना ती दोघे अण्णा म्हणत. “अण्णांना इथे एकटं सोडता येणार नाही. उद्या काडी पेटवली म्हणजे?” “मग पाठवायचं? ऐंशीच्या घरात? तिथे कोण आहे त्यांना?” शेवटी ठरले, की रविवारी जावयाने स्वतः येऊन बघायचे. नुसता पेट्रोलचा घोळ असेल तर बोट बंद करून भागेल. पण अण्णा खरोखर नसलेले ऐकत असतील, तर पुण्याला, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. मी आमच्या खोलीत पडून होतो. व्याही शेजारच्या पलंगावर उद्याचा सदरा घडी करून ठेवत होते. आणि माझ्या मनात एक विचार येऊन गेला, तोही लिहायला हवा: ते गेले तर खोली माझी एकट्याची होईल. तो विचार आला आणि गेला. पण आला होता.

शनिवारी त्यांना “पाय दुखतोय, दवाखान्यात जाऊन येतो, आज तुम्हीही घरीच थांबा” असे सांगून मी घरातून एकटा निघालो आणि यार्डात गेलो. मला त्यांना वाचवायचे होते. पेट्रोल नीट भरले की कोणाला काही म्हणायला जागा उरणार नाही, एवढाच माझा हिशेब. झाकण उघडले. ऊन चढले होते, आत ती श्वास सोडत होती. मी कात्री घेऊन हात घातला. पहिली गाठ कापली. आवाज अडखळला, मग जोरात सुरू झाला. दुसरी कापली. नळी उसळून वर गेली, आतले साचलेले पेट्रोल टाकीत सळसळत उतरले आणि आवाज बंद झाला.

एखाद्याच्या उशाशी जाऊन कोणी कळ फिरवावी तसा बंद झाला. कात्री अजून माझ्या हातात होती. “विहीणबाई,” मी म्हणालो. मला काय म्हणायचे होते ते मलाही ठाऊक नाही. सुतळीचे तुकडे खिशात घालून मी झाकण लावले.

रविवारी जावई आमच्याबरोबर यार्डात आला. अंकल काठी टेकत आले. नोझल लावले आणि टाकी घटाघटा प्याली. टक् नाही, उसासा नाही, थेंब नाही. पंपावरच्या गृहस्थाने अंगठा वर केला. अंकल म्हणाले, “वाह, टुडे सो गुड, लाह!” जावयाचा चेहरा सैल झाला. त्याने वडिलांच्या पाठीवर हात ठेवला. एवढ्यावर सगळे संपले असते.

पण व्याही आनंदाने म्हणाले, “बघ, तू आलास म्हणून किती शहाण्यासारखी वागली. ये, ऐक तिला.” बोट गाड्यावर ओढून छपराखाली आणली. ते पालथे झोपले, मुलालाही झोपवले. बाप आणि मुलगा, टाकीवरच्या फळीला दोन बाजूंनी कान लावून. ऊन आले. सरकले. मी मनात म्हणत होतो, एकदा, फक्त एकदा. टाकीतून काही आले नाही. व्याह्यांनी टाकीवर हलकेच टकटक केले. हाक मारली. नावाने हाक मारली. ती मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकली. मग ते उठून बसले आणि परक्या ठिकाणी जाग आलेल्या माणसासारखे आजूबाजूला पाहू लागले. “परवा होती,” ते म्हणाले. “परवापर्यंत होती रे.”

जावई माझ्याकडे वळला. त्याचे डोळे भरलेले होते. “बाबा, तुम्ही रोज असता अण्णांबरोबर. खरं सांगा. तुम्ही कधी ऐकलाय असा आवाज?”

हो म्हटले असते तर कशाचा ते सांगावे लागले असते. नळीचे, सुतळीचे, शिक्क्याचे. त्यांच्यासमोर, त्यांच्या मुलासमोर, अंकलसमोर.

मी म्हणालो, “नाही.”

व्याह्यांनी माझ्याकडे पाहिले. रागाने नाही. ज्या नजरेने ते माझी झडप ऐकून उठले होते, त्या नजरेने. मग मुलाच्या हातावर थोपटत म्हणाले, “असू दे. व्याह्यांना हल्ली ऐकायला कमी येतं.”

पुढच्या महिन्यात ते पुण्याला परत गेले. विमानतळावर “आधी आपण” करायला जागाच नव्हती; आत फक्त त्यांनाच जायचे होते. त्यांनी मला वाकून नमस्कार केला, मुलाच्या बापाने मुलीच्या बापाला. म्हणाले, “खोलीतल्या पंख्याकडे लक्ष ठेवा. घरघर वाढली की तेल.” पुण्याला त्यांना गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी ते यंत्रांना कान लावीनासे झाले, असे तिथे त्यांना सांभाळायला ठेवलेली बाई फोनवर कौतुकाने सांगायची. दहा महिन्यांनी झोपेत गेले. अंकलनी बोट विकून टाकली.

गेल्या रविवारी मी जावयाला इमारतीखालच्या कॉफीशॉपमध्ये घेऊन गेलो. घरात बोलवेना. त्याला सगळे सांगितले. कमान, सुतळी, पहिले ‘छे’, कात्री, मग ते ‘नाही’, आणि खोलीचा तो विचारसुद्धा. तो ओरडेल, उठून जाईल, या वयात मला माझे गाठोडे बांधायला सांगेल, या सगळ्याची तयारी करून मी बसलो होतो. तो टेबलाकडे बघत राहिला. शेजारच्या टेबलावर ताटल्या उचलणारी बाई आली आणि गेली.

“म्हणजे अण्णा बरोबर ऐकत होते,” तो म्हणाला.

“अगदी बरोबर. चूक माझी होती.”

त्याने आपला कप बाजूला सारला. मग त्याने विचारले, “कसा होता आवाज?”

मला शब्दांत सांगता येईना. माझ्यासमोर बर्फ घातलेली कॉफी होती. मी ग्लास जवळ ओढला, स्ट्रॉ तळाशी टेकवली आणि हळूच फुंकली. चार लहान, थोडा थांबा, मग एक मोठा. जावयाचा चेहरा बदलला. हा आवाज त्याने पूर्वी ऐकला होता. फोनवर, आईला बोलवत नव्हते तेव्हा पलीकडून तेवढाच यायचा. त्याने डोळे मिटले, डोके खाली आणले आणि कान ग्लासाजवळ नेला.

मी दमून थांबलो.

“थांबू नका बाबा,” तो म्हणाला.

पलीकडच्या टेबलावरची माणसे वळून पाहू लागली होती. मी पुन्हा स्ट्रॉ ओठांत धरली आणि छातीत होता तेवढा श्वास, सांडू न देता, हळूहळू सोडत राहिलो.